जुन्या पेठेतली विटांची रांग: आधी दर्शनी भिंत की आधी छप्पर?

पेठराखण

नमस्कार. एका जुन्या बाजारपेठेतल्या सलग ७ इमारतींच्या जतन-दुरुस्तीचा आराखडा तयार करायचा आहे. तळमजला अधिक दोन मजले, चुन्यात बांधलेल्या विटांच्या ४५० मिमी जाड भिंती, लाकडी तुळया, वर तक्तपोशी (लाकडी फळ्यांची जमीन). शेजारच्या दोन इमारतींमधली भिंत सामायिक. तळमजल्यावरची दुकानं सगळी चालू, वरचे मजले बरीच वर्षं बंद.

चार इमारतींच्या दर्शनी भिंतींवर नंतर कधीतरी सिमेंटचा गिलावा चढवलेला आहे. दोन भिंतींच्या विटा उघड्या आहेत, पण दरजा (विटांमधले सांधे) सिमेंटने भरलेल्या. तिथे विटांचे पापुद्रे सुटून वीट आत गेली आहे आणि दरजेची रेघ पुढे राहिली आहे. सातव्या इमारतीचा वरचा दर्शनी भाग पत्र्याच्या आवरणामागे झाकलेला आहे, आत काय शिल्लक आहे ते कळत नाही.

निधी देणाऱ्यांना पहिल्या वर्षात डोळ्यांना दिसेल असं काम हवं आहे, म्हणून दर्शनी भिंतींपासून सुरुवात करावी असा आग्रह आहे. मला विचारायचं आहे ते असं: सिमेंटचा गिलावा काढावा का, आणि काढायचा तर कसा? दरजांसाठी चुन्याचं प्रमाण काय धरावं? कामाचा क्रम कसा लावावा? आणि वरचे मजले वापरात आणण्याचा विचार कोणत्या टप्प्यावर करावा? दुकानं बंद ठेवता येणार नाहीत.

चुनखडी

दर्शनी भिंतीपासून सुरुवात करू नका. भिंतीत वरून पाणी उतरत असताना भरलेल्या दरजा टिकत नाहीत आणि तेच काम पुन्हा करावं लागतं. निधी देणाऱ्यांसमोर एवढा एक मुद्दा ठामपणे मांडा.

पहिली पाहणी भर पावसात करा. कोरड्या दिवशी दिसतो तो डाग, पावसात दिसतो तो रस्ता. पन्हळींचे जोड, पन्हळ जिथे उतरत्या नळाला मिळते ते तोंड, कठड्याच्या माथ्यावरचं आच्छादन, कंगणीचा (भिंतीच्या माथ्याशी पुढे आलेल्या पट्टीचा) वरचा पृष्ठभाग आणि छप्पर भिंतीला भिडतं तो सांधा, एवढ्या जागा पाहिल्या तर बहुतेक ओलीचं मूळ सापडतं. उतरता नळ भिंतीत गाडलेला असेल तर तो बंद करून बाहेरून नवा नळ घ्या, कारण आतला नळ फुटला तरी बाहेर कळेपर्यंत भिंतीचा गाभा भिजलेला असतो. खाली जोत्याकडे बघा. रस्त्याचे थर एकावर एक चढत जाऊन बाहेरची जमीन आतल्या फरशीच्या बरोबरीला किंवा वर आलेली असते. ती निदान १५० मिमी खाली हवी. रस्ता खाली घेता येत नसेल तर भिंतीलगत उथळ चर काढून त्यात खडी भरा आणि तिला निचऱ्याची वाट द्या.

जमिनीतून ओल चढते आहे असं निदान घाईने करू नका. टोचून बघायचं विजेचं ओलमापक क्षारांमुळे फसतं. भिंत कोरडी असली तरी खारामुळे ते जास्त आकडा दाखवतं. खात्री हवी असेल तर भिंतीत वेगवेगळ्या उंचीवर आणि खोलीवर भोकं पाडून भुकटीचे नमुने घ्या, लगेच हवाबंद डबीत भरा, वजन करा, १०५ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, पुन्हा वजन करा. भोक पाडताना छिद्रक हळू फिरवा, तापलं की नमुन्यातली ओल तिथेच उडून जाते.

आता सिमेंटचा गिलावा. चुन्याच्या भिंतीतली ओल दरजांमधून बाहेर पडायला हवी. सिमेंट ती वाट अडवतं. मग पाणी विटेतून बाहेर पडू लागतं, त्याच्यासोबत आलेले क्षार विटेच्या तोंडामागे स्फटिकरूपाने साठतात आणि तोंड उडवून देतात. तुमच्या दोन उघड्या भिंतींवर हेच घडलं आहे. त्यामुळे गिलावा काढणं बरोबर, पण तो कसा चिकटला आहे हे आधी तपासा. प्रत्येक भिंतीवर तीन ठिकाणी साधारण १ चौरस मीटरचे चाचणी-तुकडे निवडा: एक खाली, एक खिडकीच्या बाजूला, एक कंगणीखाली. लाकडी हातोड्याने ठोकून पोकळ आवाज येतो तो भाग खडूने आखा. पोकळ भाग सहज निघतो. घट्ट भागात छिन्नी भिंतीवर काटकोनात मारू नका, तिरकी धरून गिलाव्याच्या मागे शिरवा. विटेचं तोंड गिलाव्याबरोबर निघून येऊ लागलं तर थांबा. तोंड गेलेली वीट आतून मऊ असते, तिने पाणी जास्त प्यायलं की पुढचं नुकसान वाढतं. अशा भिंतीवरचा घट्ट गिलावा राहू द्यावा, फक्त जोत्याजवळचा ओला पट्टा आणि पोकळ भाग काढून तिथे चुन्याचा गिलावा करावा, हे माझं स्पष्ट मत आहे. विजेवर चालणारं फोडयंत्र या कामात अजिबात नको.

दरजा खरवडताना खोली दरजेच्या रुंदीच्या निदान दोन ते अडीच पट हवी. १० मिमी रुंद दरज असेल तर २० ते २५ मिमी. आतलं टोक चौकोनी काढा. व्ही आकाराची खाच ठेवली तर नवा माल कडेला पातळ राहतो आणि तिथूनच सुटतो. सिमेंट कठीण असेल तर फिरत्या पात्याचं यंत्र फक्त आडव्या दरजेच्या मधोमध एक चीर पाडण्यापुरतं वापरा, उरलेलं छिन्नीने. उभ्या दरजेत यंत्र घातलं की वरची आणि खालची वीट कापली जाते, आणि ती खूण कायमची राहते.

प्रमाण ठरवण्याआधी मूळ चुन्याचा नमुना तपासा. न भिजलेल्या, सिमेंट न लागलेल्या आतल्या जागेतून घ्या. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात चुना विरघळतो आणि वाळू उरते. त्या वाळूचा रंग, कणांचा आकार आणि चाळणीवरची प्रतवारी हीच नव्या मालाची खरी दिशा. एक धोका आहे: वाळूत शिंपल्यांचे किंवा चुनखडकाचे कण असतील तर तेही विरघळतात आणि चुन्याचं प्रमाण आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. म्हणून आम्लात घालण्याआधी नमुना भिंगाखाली पाहून घ्या.

वाळू निवडली की १ लिटर पूर्ण कोरडी वाळू भांड्यात घ्या आणि मोजून पाणी ओता. पाणी वाळूच्या पृष्ठभागाशी आलं की थांबा. साधारण ३३० मिलि पाणी गेलं तर पोकळ्या एकतृतीयांश आहेत, म्हणजे चुना १ : वाळू ३. पाणी ४०० मिलि गेलं तर १ : २.५. हे प्रमाण वाळूगणिक बदलतं, त्यामुळे निविदेत डोळे मिटून १:३ लिहू नका. मोजणी घमेल्याने चालणार नाही, ठरावीक मापाची पेटी ठेवा.

मालाचा अंदाज: २३० × ७५ मिमी दर्शनी तोंडाच्या विटा, १० मिमी दरज आणि २५ मिमी खोली धरली तर एका चौरस मीटरला सुमारे ४ लिटर माल लागतो. सांडणारा धरून ५ ते ६ लिटर धरा.

ओळंबा

वरच्या प्रतिसादाशी बहुतांशी सहमत आहे, पण एका बाबतीत नाही. गिलाव्याच्या चाचण्या सुरू करण्याआधी भिंत किती ताठ उभी आहे हे मोजून घ्यायलाच हवं. कमकुवत झालेल्या भिंतीवरचा जाड सिमेंटचा गिलावा सुटत्या विटांना काही प्रमाणात धरून ठेवत असतो. तो एका आठवड्यात पूर्ण उतरवला आणि भिंत मजल्यांना बांधलेली नसेल तर मोठा तुकडा खाली येऊ शकतो. खाली दुकानं चालू आहेत.

प्रत्येक दर्शनी भिंतीवर रुंदीत तीन ठिकाणी ओळंबा सोडा आणि दर १ मीटर उंचीवर अंतर मोजून तक्ता करा. फुगवटा बहुतेक वेळा मजल्याच्या पातळीवर किंवा दोन मजल्यांच्या मधे दिसतो. कडीपाटाची, म्हणजे फळ्यांखालच्या लाकडी कड्यांची, दिशा पाहा. कड्या दर्शनी भिंतीला समांतर असतील तर ती भिंत मजल्याने धरलेलीच नाही, ती फक्त दोन्ही कोपऱ्यांवर उभी आहे. अशा ठिकाणी मजल्याच्या पातळीवर स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या बसवून निदान तीन कड्यांपर्यंत आत न्यायच्या, कड्यांच्या मधे लाकडी अडसर ठोकायचे, आणि दोन पट्ट्यांमधलं अंतर २ मीटरच्या आत ठेवायचं. साधं लोखंड भिंतीत गाडू नका. गंजताना ते फुगतं आणि विटेला आतून चिरतं.

तडे दिसले तर लगेच भरू नका. तड्याच्या दोन्ही बाजूंना पितळी खिळे बसवून व्हर्नियरने महिन्यातून एकदा अंतर मोजा, शक्य झालं तर सगळ्या ऋतूंतून. उन्हाने-थंडीने मागेपुढे होणारा तडा आणि एकाच दिशेने रुंदावत जाणारा तडा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्यासाठी आधी पाया आणि निचरा तपासावा लागतो.

तुळयांची टोकं ही माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकल्पातली सर्वात धोक्याची जागा आहे. तुळई मधे उत्तम दिसते आणि भिंतीत गेलेलं २००-३०० मिमी टोक कुजलेलं असतं, कारण ओली भिंत तिला तीन बाजूंनी पाणी पाजते. तक्तपोशीची भिंतीलगतची एक-दोन फळी उचला, टोकाला सुतारी टोच्या जोराने टोचा. निरोगी लाकडात तो दोन-तीन मिलिमीटर जातो आणि ओढताना लांब धागा उचकटतो. कुजलेल्या लाकडात सहज आत जातो आणि लाकूड आडवं मोडतं. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर राहत असेल तर बुरशी वाढत राहते. वाळवीची वाट भिंतीच्या आतून येते, त्यामुळे तुळईच्या खालची विटांची बैठकही उघडून पाहा.

टोक गेलं म्हणून अख्खी तुळई काढू नका. तुळईला आधी दोन्ही बाजूंनी टेकू द्या, आणि ते टेकू खालच्या मजल्यावरून थेट जमिनीपर्यंत न्या. मधल्या तक्तपोशीवर भार सोडू नका. मग कुजलेला भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कापा आणि त्याच जातीच्या वाळलेल्या लाकडाचा तिरका सांधा करून बोल्ट घाला, किंवा दोन बाजूंना पोलादी पट्टे लावून भार भिंतीवर न्या. नवं टोक भिंतीत घालताना बाजूंनी आणि मागे १५ ते २५ मिमी हवेची फट सोडा. ती मालाने बुजवली की जुनाच रोग परत येतो, आणि ती बुजवायची गवंड्याला सवय असते, म्हणून नकाशावर मोठ्या अक्षरात लिहा.

भिंत वाळायला वेळ लागतो. २५ मिमी जाडीला एक महिना हा ढोबळ नियम धरला तर ४५० मिमी भिंतीला दीड वर्ष. त्यामुळे छप्पर आणि पन्हळी पहिल्या टप्प्यात घेतल्या तरच दरजा आणि आतला गिलावा वेळेत करता येतील.

पेठराखण

दोघांचेही मनापासून आभार. छप्पर आणि निचरा आधी हे लेखी मांडतो. दोन सूचना आल्या आहेत, त्यांवर तुमचं मत हवं. पहिली, दरजांसाठी एनएचएल ५ (पाण्यानेही घट्ट होणारा नैसर्गिक चुना) वापरावा आणि त्यात थोडं सिमेंट घालावं, म्हणजे लवकर घट्ट होईल. दुसरी, काम संपल्यावर सगळ्या विटांवर पारदर्शक जलरोधक लेप द्यावा. आणि विटांवरची काजळी वाळूच्या फवाऱ्याने काढण्याचाही प्रस्ताव आहे.

चुनखडी

तिन्हींना नाही म्हणा.

एनएचएलच्या पुढचा आकडा हा २८ दिवसांच्या किमान दाबसामर्थ्याचा असतो, न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्ये: २, ३.५ आणि ५. त्यानंतरही महिनोन् महिने ताकद वाढत राहते, म्हणून एनएचएल ५ शेवटी आकड्यावरून वाटतो त्यापेक्षा बराच कडक होतो. मऊ, जुन्या विटांच्या उभ्या भिंतीला एनएचएल २ किंवा मुरवलेला चुना पुरतो. पावसाचा मारा सहन करणारा कठडा आणि जोत्याजवळचा पट्टा इथे ३.५ चालेल. दरज विटेपेक्षा मऊ आणि जास्त पाझर असलेली हवी. झिजायचं तर दरजेने झिजावं, ती पुन्हा भरता येते, वीट भरता येत नाही.

चिमूटभर सिमेंट हा सगळ्यात वाईट पर्याय. तेवढ्याने माल मजबूत होत नाही. सिमेंटचे बारीक कण मालात समान न राहता वेगळे पडतात, चुन्याच्या घट्ट होण्यात अडथळा येतो, शिवाय सिमेंटसोबत विद्राव्य क्षार भिंतीत जातात. लवकर घट्ट होणारा माल हवा असेल तर मुरवलेल्या चुन्यात बारीक दळलेली, कमी आचेवर भाजलेल्या विटांची सुरखी घाला. जास्त भाजलेल्या विटेची भुकटी चुन्याशी नीट संयोग पावत नाही, ती नुसती वाळूसारखी राहते.

भरण्याची पद्धत: आदल्या दिवशी भिंत भिजवा, कामाच्या आधी पुन्हा फवारा. वीट ओलसर हवी, पाण्याने चकाकणारी नको. कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते आणि दरज भुसभुशीत राहते. माल शक्य तितका घट्ट ठेवा. पातळ माल आकसतो आणि कडेने केसाएवढी फट पडते. ६ मिमीच्या थरांनी दाबून भरा, अंगठ्याचा ठसा जेमतेम उमटेल इतका थर आवळला की पुढचा. शेवटचा थर विटेच्या कडेपेक्षा किंचित आत ठेवा, कारण झिजलेल्या विटांच्या गोल कडांवर माल पसरवला की दरज रुंद दिसते आणि ती पातळ कड पहिल्या वर्षीच सुटते. आवळल्यावर ताठ केसांच्या ब्रशने ठोका, ओढू नका. त्याने वरची चुन्याची साय निघते, वाळूचे कण दिसू लागतात आणि पृष्ठभाग हवेला उघडा होतो.

त्यानंतर ओलं गोणपाट. भिंतीला चिकटवू नका, थोडं अंतर सोडून टांगा. मुरवलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्यासाठी थोडी ओल लागते. पूर्ण कोरडा पडला तर क्रिया थांबते, सतत चिंब राहिला तर वायू आत जात नाही. म्हणून ओल आणि सुकणं आळीपाळीने. ५ अंशांच्या खाली आणि ३५ अंशांच्या वर काम करू नका, भर उन्हातल्या भिंतीवर तर नाहीच. तपासणीसाठी एक तुकडा मोडून फिनॉल्फ्थॅलिन या रंग बदलणाऱ्या रसायनाचे थेंब टाका: गुलाबी झाला तर तिथपर्यंत चुना अजून कच्चा आहे, रंगहीन राहिला तर पक्का झाला.

जलरोधक लेप बाहेरचं पाणी थोडं अडवेल, पण छपरातून किंवा जमिनीतून आत आलेलं पाणी आणि क्षार त्याच्यामागे कोंडतील. तुम्ही एवढ्या कष्टाने काढलेल्या सिमेंटचंच काम तो लेप करेल.

वाळूचा फवारा विटेच्या भट्टीत तयार झालेल्या कठीण तोंडाला खाऊन टाकतो. काजळीसाठी आधी नुसतं पाणी, मऊ ब्रश, पाण्याचा दाब १०० पीएसआयच्या आत. तेवढ्याने न निघालेली काजळी राहिली तरी चालेल. जुनी भिंत नवी दिसावी हा उद्देशच असू नये. पांढरा खार फुटला असेल तर तो कोरड्या ब्रशने झाडून गोळा करा. पाण्याने धुतला की विरघळून पुन्हा आत जातो. खार जास्त असेल तिथे कागदाचा लगदा, पांढरी माती आणि वाळू क्षारमुक्त पाण्यात कालवून १५ ते २० मिमी जाड लेप द्या, सुकू द्या, काढा, आणि काढलेल्या लेपातल्या क्षारांचं प्रमाण घटतं आहे का ते दर वेळी तपासा.

आगजिना

वरच्या मजल्यांबद्दल. वापर आधी ठरवा, मगच तुळयांची दुरुस्ती आणि दर्शनी भागाचं चित्र. उलट क्रमाने गेलात तर रंगवलेल्या दारातूनच पुढे जिना न्यावा लागतो.

पहिला प्रश्न भाराचा. निवासासाठी साधारण २ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर चल भार (माणसं आणि सामान यांचा) धरतात, दुकानाला त्याच्या दुप्पट किंवा जास्त, गोदामाला आणखी. जुना लाकडी मजला निवासाचा भार बहुधा थोड्या मजबुतीकरणात पेलतो. वाचनालयासाठी किंवा कागदपत्रांच्या साठ्यासाठी तोच मजला वापरायचा तर खर्च आणि लाकडाची चिरफाड दोन्ही वाढतात. म्हणून वापर इमारतीला बघून निवडा.

दुसरा प्रश्न दाराचा. वरचा मजला बंद पडण्याचं अगदी नेहमीचं कारण म्हणजे तळमजल्याचं दुकान रुंद करताना जिना काढून टाकलेला असतो आणि वर जायची वाट दुकानातूनच उरते. रस्त्यावर उघडणारं स्वतंत्र दार आणि निदान १ मीटर रुंद जिना मिळाल्याशिवाय वरची जागा भाड्याने जात नाही. इथे तुमच्या ७ सलग इमारतींचा फायदा आहे. सामायिक भिंतीत प्रत्येक मजल्यावर एकेक दार काढून दोन किंवा तीन इमारतींना मिळून एक नवा जिना आणि मागच्या बाजूला दुसरी सुटकेची वाट देता येते. प्रत्येक इमारतीत दोन जिने कोंबण्यापेक्षा जुन्या बांधकामाला यात कमी धक्का लागतो. मात्र त्यासाठी मालकांमध्ये वहिवाटीचा नोंदणीकृत करार आधी हवा. तोंडी कबुलीवर भिंत फोडू नका. त्या दारांना आपोआप मिटणारी आगरोधक झडप लावा.

आगीच्या बाबतीत जाड लाकूड स्वतः फारसा शत्रू नाही. मऊ लाकूड मिनिटाला साधारण ०.८ मिमी जळत आत जातं, घट्ट जातीचं कठीण लाकूड ०.५५ मिमीच्या आसपास. म्हणजे तासाभरात कठीण लाकडाच्या प्रत्येक उघड्या बाजूचे ३३ मिमी गेले तरी २०० मिमीच्या तुळईचा गाभा उभा असतो. धोका पातळ फळ्यांचा, फटींचा आणि पोकळ जागांचा. छपराखालचा पोटमाळा सातही इमारतींवरून सलग गेलेला असेल तर एका टोकाची आग दुसऱ्या टोकापर्यंत जाते. सामायिक भिंत छपरापर्यंत पूर्ण चढवा, तारा आणि नळ जिथून गेले आहेत ती भोकं आगरोधक मालाने बंद करा, दुकान आणि निवास यांच्या मधल्या छताला निदान ६० मिनिटांचं संरक्षण द्या. जुनं नक्षीचं छत असेल तर हा थर वरून, कड्यांच्या मधे घाला, म्हणजे खालचं छत तसंच राहतं.

काम चालू असतानाचा काळ सर्वात नाजूक. ग्लासगोची कलाशाळा जून २०१८ मध्ये आणि पॅरिसचं नोत्र दाम १५ एप्रिल २०१९ ला, दोन्ही दुरुस्ती चालू असतानाच पेटली. जोडकाम, कापकाम, रंग तापवून काढणं यांना रोजचा लेखी परवाना ठेवा, दिवसाचं काम संपण्याच्या निदान एक तास आधी ती थांबवा, आणि त्या तासात एक माणूस फक्त पाहणीवर ठेवा. रंग काढायला उघडी ज्योत नको.

शौचालयं आणि स्वयंपाकघरं एकावर एक ठेवा, मागच्या भिंतीला धरून, नळ्या सगळ्या एका उभ्या कप्प्यात. लाकडी मजल्यात गळती कळायला उशीर होतो, म्हणून त्या कप्प्याला उघडता येणारं झाकण हवं.

आणि हिशेब. आकडे एककांत देतो: वर्षाचं भाडं १००, रिकामे महिने वजा १०, देखभाल, विमा आणि कर वजा ३०, उरले ६०. ८ टक्के परतावा धरला तर या जागेचं मूल्य ७५०. दुरुस्तीसह एकूण खर्च १,००० असेल तर २५० ची तूट. अनुदान ही तूट भरण्यासाठी मागायचं असतं. हा तक्ता प्रत्येक इमारतीचा वेगळा करा, कारण सातांपैकी दोन-तीन अनुदानाशिवायही उभ्या राहू शकतात, आणि त्यांचे पैसे बाकीच्यांकडे वळवता येतात.

बाजारभान

पहिल्या वर्षी दिसणारं काम हवं, ही निधी देणाऱ्यांची मागणी पूर्ण धुडकावू नका. पेठेतल्या लोकांचा विश्वास टिकायलाही काहीतरी दिसावं लागतं. छपराचं काम चालू असताना तळमजल्याच्या दुकानांचे दर्शनी भाग घ्या. ते भिंतीच्या ओलीवर फारसे अवलंबून नसतात आणि चालणाऱ्या माणसाच्या नजरेसमोर असतात. खालचा लाकडी पट्टा, वर मोठं तावदान, त्यावर हवेची झरोका-पट्टी, त्यावर पाटीची जागा आणि कंगणी, हे जुन्या दुकानाचे भाग बहुधा नंतरच्या फळ्यांमागे अर्धेमुर्धे शिल्लक असतात. झरोका-पट्टी उघडली तरी दुकानात उजेड खोलवर जातो, आणि दुकानदाराला फरक त्याच दिवशी जाणवतो. पाट्या मूळ पाटीच्या जागेतच बसवा. त्यांचे खिळे विटेत न मारता दरजेत मारा. दरज दुरुस्त होते.

दुकानं चालू ठेवायची तर सातही दारांसमोर एकदम परांची नको. दोन-दोन इमारतींचे टप्पे करा, खाली २.४ मीटर उंचीचा छत असलेला पादचारी बोगदा ठेवा, त्यात दिवे लावा, आणि दुकानांची नावं परांचीच्या बाहेरच्या बाजूला मोठ्या अक्षरात लावा. परांचीचे आधार विटेत बोल्ट मारून घेऊ नका, खिडकीच्या चौकटीच्या आत आडवे दाब-नळ लावून घ्या. विक्रीचा हंगाम कोणता ते दुकानदारांना विचारून वेळापत्रक लावा. धुळीचं काम त्यांच्या सुट्टीच्या दिवशी.

पेठ पुन्हा उभी करणं हे बांधकामाच्या पलीकडचं काम आहे. अमेरिकेत नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन या वारसा-जतन संस्थेने १९७७ मध्ये गेल्सबर्ग, मॅडिसन आणि हॉट स्प्रिंग्ज या तीन लहान गावांत प्रयोग सुरू केला आणि १९८० मध्ये त्यासाठी स्वतंत्र केंद्र काढलं. त्यातून आलेली मांडणी चार बाजूंची आहे: संघटन, प्रसिद्धी, रचना आणि अर्थव्यवहार. त्या प्रयोगातली मला सर्वात घेण्याजोगी वाटते ती गोष्ट म्हणजे प्रत्येक गावात या कामासाठी नेमलेला एक पूर्णवेळ माणूस. मालक, भाडेकरू, पालिका, ठेकेदार या सगळ्यांशी रोज बोलणारं कोणी नसेल तर उत्तम नकाशेही कपाटात राहतात. तुमच्या अंदाजपत्रकात त्या पगाराची ओळ नसेल तर आजच घाला, निदान तीन वर्षांची.

रस्ता पूर्ण पादचारी करण्याचा प्रस्ताव कोणी पुढे आणला तर घाई करू नका. कॅलमाझू शहराने १९५९ मध्ये अमेरिकेतला असा पहिला रस्ता केला, आणि १९९८ मध्ये त्यातला काही भाग पुन्हा वाहनांना खुला केला. वर राहणारी माणसं आणि संध्याकाळची वर्दळ नसेल तर दुकानं मिटल्यावर असा रस्ता ओस पडतो. आधी वरचे मजले भरा. ठरावीक तासांसाठी वाहनं थांबवून पाहता येतं, त्याला खर्चही जवळजवळ नाही.

पेठराखण

आराखड्याचा क्रम आता असा लावतो: मोजमाप आणि तड्यांच्या खुणा, छप्पर-पन्हळी-निचरा, त्याच वेळी तीन दुकानांचे दर्शनी भाग, मग तुळया आणि पट्ट्या, वरच्या मजल्यांच्या वापराचा निर्णय आणि करार, शेवटी गिलावा आणि दरजा. एकच राहिलं: पत्र्यामागची सातवी इमारत. पत्रा पूर्ण काढावा का? आतली कंगणी तुटलेली निघाली तर नवी करावी का?

ओळंबा

क्रमात एक बदल करा. वापराचा निर्णय तुळयांच्या आधी घ्या, भार ठरल्याशिवाय तुळईची दुरुस्ती ठरत नाही.

पत्र्याबद्दल: एकदम उतरवू नका. तीन ठिकाणी ६०० × ६०० मिमीच्या खिडक्या कापून आत पाहा, एक कंगणीच्या उंचीवर हवीच. पत्रा ज्या सांगाड्यावर बसवला आहे त्याचे खिळे किती खोल गेले आहेत, सांगाडा गंजला आहे का आणि मूळ कंगणी छाटून सपाट केली आहे का, हे त्यातून कळतं. पुष्कळदा पुढे आलेले भाग पत्रा सरळ बसावा म्हणून तोडलेले असतात आणि सुटे दगड-विटा पत्र्याच्या आधारानेच अडकून राहिलेल्या असतात. म्हणून पत्रा वरून खाली, एकेक ओळ, परांचीवर जाळी लावून काढा. आत जुना रंग असेल तर त्यात शिसं आहे असंच धरून चाला: कोरडं घासायचं नाही, ओलं करून खरवडायचं, कचरा वेगळा बांधायचा.

चुनखडी

कंगणीसाठी पुरावा किती आहे त्यावर सगळं अवलंबून आहे. वारसा-जतनाच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेतलं नववं कलम म्हणतं की तर्क सुरू होतो तिथे पुनर्स्थापना थांबली पाहिजे. शेजारच्या इमारतीत तीच कंगणी असेल, जुनं छायाचित्र मिळालं किंवा भिंतीत तुटलेल्या दगडांची मुळं आणि दोन्ही टोकांचे तुकडे सापडले, तर साचा घेऊन तशीच करा. यातलं काहीच नसेल तर पाणी भिंतीपासून दूर टाकण्यापुरता साधा, सपाट छज्जा करा: पुढे निदान १०० मिमी, खाली पाणी तुटण्यासाठी खोबण, वर शिशाचं किंवा जस्ताचं आच्छादन. शिसं किंवा जस्त ताज्या चुन्यावर थेट टेकू देऊ नका, मधे वेगळा करणारा थर घाला.

गिलाव्याचे चाचणी-तुकडे, पत्र्यातल्या खिडक्या, तुळयांची उघडलेली टोकं आणि वापरलेल्या मालाचं प्रमाण, प्रत्येकाचं मोजपट्टी ठेवून छायाचित्र आणि जागेचा क्रमांक परांची उतरवण्याआधीच नोंदवून घ्या. नंतर त्या जागी पोचायला पुन्हा परांची बांधावी लागते.